दादांनी जपलेल्या फ्लॉप्या

मला राग आला तरी आमच्या घरात कुणी घाबरत नाही. उलट वहिनी पोरांना हाक मारतात, "या रे, काकाला राग आलाय," आणि पोरं समोर येऊन बसतात. रागात माझा आवाज बारीक होतो आणि नाक लाल होतं, त्याला मी काय करणार? माझे थोरले बंधू नुसता चष्मा काढून काउंटरवर ठेवतात, तरी गिऱ्हाईक गप्प होतं. देवानं दोन भावांत वाटणी करताना सगळा दरारा एकाकडेच दिला. पण त्या डिसेंबरात मला जो राग आला तो खरा होता. तो अजून पुरता उतरलेला नाही. हे लिहितानाही कानशिलं तापली आहेत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. श्रीरामपुरात दादांचं कॅसेटचं दुकान होतं. वडील लवकर गेले, दादा माझ्यापेक्षा बरेच मोठे, त्यामुळे मी त्यांना लहानपणापासून 'अहो दादा' म्हणत आलो. ज्याला अहो म्हणायचं त्याच्यावर ओरडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. दुकानाच्या मागे एक खोली होती. त्या खोलीत मी, एक वाजवायचा कीबोर्ड आणि एक कॉम्प्युटर असे तिघं राहायचो, आणि तिघांत जास्त म्हातारा कॉम्प्युटर होता.

तो मुंबईच्या एका अरेंजरकडचा, म्हणजे गाण्यांना वाद्यं बसवून देणाऱ्याकडचा. त्यानं नवा घेतला आणि जुना मला दिला. म्हणजे आयुष्यभर मुंबईत राबून तो निवृत्तीला आमच्याकडे आला होता. लोकांना वाटायचं यात गाणी भरलेली असतात. तसं नव्हतं. त्यात आवाज नव्हताच. मी कीबोर्डवर कुठली पट्टी कधी दाबली आणि किती जोरात, एवढंच तो लक्षात ठेवायचा. मग तो कीबोर्डला तेच पुन्हा वाजवायला सांगायचा, एकावर एक थर चढवून. ढोलकीचा थर, बासरीचा थर, त्यावर व्हायोलिनं. गाणारे मागाहून येऊन त्यावर गायचे आणि ते सगळं टेपवर घ्यायचं. वाजवणारा एकटा मी आणि ऐकणाऱ्याला वाटावं अख्खा ताफा बसलाय.

त्याची चाकरी मात्र सुनेनं आजारी सासऱ्याची करावी तशी करावी लागायची. आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे रोज सकाळी उठला की त्याला वाटायचं आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी आहे. रोज त्याला तारीख सांगायची. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की काळी काजळी उडत यायची. वाळत घातलेल्या धोतरावर पडायची तशी ती पंख्याच्या जाळीतून त्याच्या पोटात जायची. दर आठवड्याला मी पत्रा उघडून सायकलच्या पंपानं आत हवा मारायचो. लाईटचा दाब खालीवर झाला की त्याच्याआधी माझा जीव जायचा. आणि हार्ड डिस्क थंडीत अडकून बसायची. ती फिरायला लागावी म्हणून डब्याच्या डाव्या अंगाला उघड्या तळव्यानं एक थोबाडीत द्यावी लागायची. जोर कमी झाला तर हलत नसे, जास्त झाला तर स्क्रीनवर अक्षरं पळायची. बरोब्बर थोबाडीत फक्त मलाच येत होती. घरात माझा तेवढा एक मान होता.

दादांना ही खोली खुपत होती. बाजारपेठेत जो तो एसटीडी बूथ टाकत होता. त्यांनाही तिथं काचेचा बूथ हवा होता. त्यांनी मला एकदाच सांगितलं, चष्मा काढून सांगितलं. "नाताळच्या आधी तुझी कॅसेट दुकानात आली, तर खोली तुझी. नाही आली, तर नव्या वर्षात तिथं टेलिफोन वाजेल."

कॅसेट नाताळच्या गाण्यांची होती. देवळाली प्रवराच्या पलीकडच्या एका गावच्या ख्रिस्ती मंडळीचा कॉयर, म्हणजे चर्चमधला गाणारा ताफा होता. बहुतेक बाया, उसाच्या खुरपणीला जाणाऱ्या, दोन मास्तरणी आणि ढगळ कोटातले तीन पुरुष. त्यांच्या म्होरक्या एक मावशी. दर रविवारी चर्च सुटलं की ही सगळी टेम्पोत उभी राहून श्रीरामपुरात यायची आणि माझ्या खोलीत दाटीवाटीनं बसून मशीनबरोबर सराव करायची. सरावाला कॅसेट भरून द्या, अशी मावशींनी मागणी केली होती, पण दादांनी हाणून पाडली. बाहेर गेलेली कॅसेट आपल्याआधी बाजारात येते, हा त्यांचा अनुभव. पावसाळ्यापासून मी या गाण्यांवर बसलो होतो. मेंढपाळांच्या गाण्याला बासरी, गव्हाणीच्या गाण्याला नुसती सतार आणि मागे घुंगरं. जन्मात एवढं चांगलं वाजवलं नव्हतं. हे मी म्हणत नाही, वहिनी म्हणाल्या होत्या. अर्थात त्यांना दुसऱ्या दिवशी माझ्याकडून दळण आणून हवं होतं.

मशीनचं वय बघून मी सगळ्याच्या फ्लॉप्या करायला लागलो. आधी एक संच, मग त्याच्यावरून दुसरा. इथं दादांचं आणि माझं पहिलं वाजलं.

"मास्टर ते मास्टर," दादा म्हणाले. उभी हयात त्यांनी कॅसेटवरून कॅसेट भरण्यात घातली होती. "कॉपीवरून कॉपी काढली की आधी ढोलकी मरते. मग गाणाऱ्याचा श्वास मरतो. मग नुसतं खरखर ऐकत बसायचं."

"दादा, फ्लॉपीत तसं नसतं. यात नुसते आकडे असतात. कॉपी हुबेहूब होते, केसाचाही फरक नाही."

"हुबेहूब आहे?"

"हो."

"मग दोन कशाला?"

याचं उत्तर मला सुचलं ते रात्री अंथरुणात, तेव्हा दादा घोरत होते. शेवटी त्यांनीच सुबक अक्षरात लेबलं लावली. एका संचावर 'मास्टर', दुसऱ्यावर 'कॉपी'. मास्टर त्यांनी आपल्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवल्या, जिथं घरातले दागिने आणि वडिलांचा फोटो होता. कॉप्या माझ्या फळीवर राहिल्या. मला वाटलं, चला, दोन जागी झालं. मी निर्धास्त झालो. या शब्दाचा मला आता इतका राग येतो की कुणी निर्धास्त राहा म्हटलं तर मी उठून जातो.

डिसेंबर उजाडला आणि एका गारठलेल्या सकाळी मशीननं थोबाडीत मानली नाही. मी दुसरी दिली. तिसरी दिली. आतून खरखरल्यासारखा आवाज आला, मग दारावर कुणी अंगठीनं टकटक करावी तसा आणि मग काहीच नाही. डिस्क मेली होती. मी खुर्चीवर बसलो, पण घाबरलो नाही, हे लक्षात घ्या. उठून दादांकडे गेलो आणि ऐटीत म्हणालो, "दादा, मास्टर काढा."

शेजारच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांकडे एक मशीन मोकळं होतं. तिथं मी पहिली फ्लॉपी घातली. वाचता येत नाही. दुसरी घातली. वाचता येत नाही. एकेक करत सगळा संच घातला आणि सगळा संच थुंकून टाकला त्या मशीननं. एक हातात घेऊन मी तिचा चकचकीत पत्रा सरकवला. आतली काळी तबकडी इतकी स्वच्छ होती की तीत माझं लाल नाक दिसत होतं. आणि तिच्यावर गोल गोल ओरखडे होते. वास आला. ओळखीचा वास.

मी दुकानात आलो. "दादा, याला स्पिरिट लागलंय का?"

दादांचा चेहरा उजळला. कुणीतरी शेवटी विचारलं! "लागलंय कसलं, मी लावतो. दर महिन्याला. पत्रा सरकवायचा आणि कापसाचा बोळा हलक्या हातानं फिरवायचा. तुला वेळ कुठं असतो? पावसाळाभर एकीलाही बुरशी येऊ दिली नाही."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला लागतंय? टेपला बुरशी येते, हेडला काजळी धरते. हा धंदा मी तुझ्या आधीपासून करतोय."

गिऱ्हाइकांच्या टेपरेकॉर्डरचं हेड ते ज्या बाटलीतल्या स्पिरिटनं पुसायचे, तीच बाटली. तोच कापूस. माणूस आपल्या लेकराचे कान पुसतो तितक्या मायेनं त्यांनी माझी बासरी पुसली होती, सतार पुसली होती, घुंगरं पुसली होती. मी तसाच फळीकडे गेलो. कॉप्या होत्या तिथं शिलाई मशीनच्या तेलाची बाटली होती.

"दादा, माझ्या कॉप्या?"

"त्या होय? त्या मी क्लासच्या सरांना दिल्या. पोरांची परीक्षा आली, फ्लॉप्या कमी पडत होत्या बिचाऱ्यांना."

"दिल्या?"

"कॉप्याच होत्या त्या. मास्टर आहेत की आपल्याकडे."

माणसाला किती राग येऊ शकतो याचं माप मला त्या क्षणी कळलं. पण तो काढायचा कुणावर? समोर दादा, तोंडात 'अहो'. मी मागच्या अंगणात गेलो आणि स्टॅबिलायझरच्या रिकाम्या खोक्याला लाथ घातली. ते रिकामं नव्हतं. लंगडत क्लासमध्ये गेलो आणि सरांवर ओरडलो. तो भला माणूस मघापासून मला मदत करत होता.

"तुम्हाला अक्कल नाही? दुसऱ्याच्या फ्लॉप्या कोऱ्या करता?"

"अहो, तुमचे बंधूच म्हणाले, यात काही नाही, खुशाल वापरा," सर घाबरून म्हणाले. माझ्या आयुष्यात मला घाबरलेला तो पहिला माणूस, आणि तोही निर्दोष. त्यांनी सगळ्या फ्लॉप्या शोधून दिल्या. एकेक उघडून पाहिली. जिथं माझे मेंढपाळ होते तिथं आता 'मा. मुख्याध्यापक यांस, पोटदुखीमुळे रजा मिळणेबाबत' असा अर्ज होता. दुसऱ्या फ्लॉपीतही तोच अर्ज. तिसरीतही. गव्हाणीच्या जागी अख्ख्या वर्गाची पोटदुखी.

मग मात्र मी दुकानात येऊन भर गिऱ्हाइकांत तोंड उघडलं. "दादा, तुम्ही माझी पावसाळ्यापासूनची मेहनत बोळ्यानं पुसलीत! जे जपायचं ते घासून मारलंत आणि जे राहिलं ते वाटून टाकलंत! विचारायचं तरी!"

दादांनी चष्मा काढला. "आवाज खाली."

"माझा आवाज खालीच आहे! तो बारीकच आहे!"

एक बाई हातातली कॅसेट ठेवून म्हणाल्या, "मी उद्या येते, भाऊ."

"बघ," दादा म्हणाले. "गिऱ्हाईक गेलं. आणि पुसल्यानं मरते, ती वस्तू धंद्यात ठेवावी कशाला? बूथवाल्याला निरोप देतो मी."

ना खंत, ना खेद. मी केलेल्या गाण्यांचं त्यांना वाईट वाटलं असतं तरी मी विरघळलो असतो. मी तसा फार लवकर विरघळतो, हा माझा दुसरा रोग. पण त्यांना वाईट वाटलं ते स्वच्छ ठेवलेल्या वस्तूनं दगा दिल्याचं.

त्या दिवसापासून आमचा अबोला सुरू झाला. दोघं एकाच ताटलीतली भाकरी मोडायचो आणि बोलायचो वहिनींमार्फत.

"त्याला सांग, पिठलं गार होतंय."

"वहिनी, दादांना सांगा, मला भूक नाही."

"त्याला विचार, बूथवाला मापं घ्यायला शनिवारी आला तर चालेल का."

"दादांना सांगा, नाताळ अजून व्हायचाय."

वहिनींनी परात आपटली. "मला काय टेलिफोन समजलात दोघं? पुढच्या बोलण्यापासून बिल लावीन."

क्लासच्या सरांनी, माझं ओरडणं मनावर न घेता, त्यांच्याकडची एक जुनी डिस्क मला बसवून दिली. मला फार लाज वाटली आणि लाजेचाही राग आला. संगीताच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी तेवढी वाचली होती, कारण ती कायम मशीनच्या तोंडातच असायची आणि दादा दुसऱ्याच्या तोंडात बोळा घालत नसत. म्हणजे मशीन चालू झालं. पण ते जन्मल्यासारखं कोरं होतं आणि मीही. रागात मला एक सूर आठवेना. बासरी कशी सुरू होते ते आठवायला जावं की कपाट आठवायचं, बाटली आठवायची.

रविवारी कॉयर आला. रेकॉर्डिंग आज करायचं ठरलेलं. बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या, जणू टेपला दिसणार होतं. मी दारातच सांगितलं. सगळं गेलं, घरी जा.

मावशींनी आत येऊन बैठक मारली. "म्हंजी गेलं समदं?"

"सगळं."

"आन आमाला पाठ हाय त्याचं काय?"

"मावशी, गाणी तुम्हाला पाठ आहेत, ती गेली नाहीत. मधलं वाजवणं गेलं."

"मधलंच म्हन्ते मी. ते ध्येनात न्हाई ठिवलं तर आमी उचलायचं कुठनं? ए पोरींनो, मेंढपाळाचं घ्या. आपलं गानं न्हाई, मशीनीचं."

आणि त्या बाया माझी बासरी गायला लागल्या. तोंडानं. टिरीरी टिरीरी, मग घुंगरं छुम छुम, मग एका मास्तरणीनं गाल फुगवून ढोलकी धरली. एक सूर चुकला नाही. इतके रविवार त्या माझ्यासमोर बसून माझं वाजवणं ऐकत होत्या आणि मला वाटत होतं त्या आपली पाळी येण्याची वाट बघताहेत.

मी कीबोर्डवर बसलो. त्या गायच्या, मी वाजवायचो, आणि त्या मला थांबवायच्या. माझीच चाल मला शिकवत होत्या!

"तसं न्हाई मास्तर. हितं खोकल्यावानी एक हुतं. ठुक्."

"ती चूक होती मावशी. बोट घसरलं होतं माझं. नंतर काढून टाकली मी."

"तुमी काढली आसंल. आमी तितंच दम घेतो. ती ठिवा."

"अहो, चूक कशी ठेवू?"

"मग आमी दम कुठं घ्यायचा? तुमच्या घरी?"

बाया हसून लोळल्या. चूक परत घातली. मी दात खाऊन घातली, पण घातली. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मावशी, त्याला सांगा, दुसऱ्या कडव्यानंतर सतार आधी होती. व्हायोलिन मागून."

दादा. दुकान सोडून चौकटीला टेकून उभे. भिंतीपलीकडून त्यांनीही सगळं ऐकलं होतं, रोज, हिशेब करता करता.

मी वळलो नाही. "मावशी, दादांना सांगा, माहीत आहे मला."

मला माहीत नव्हतं. मी सतार आधी घेतली. बरोबर बसली. त्याचा तर मला सगळ्यात जास्त राग आला.

मावशी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भांडान हाय व्हय? मग भांडा की. आमच्या डोक्यावरनं कशाला फेकाफेकी?"

त्यानंतर रोज संध्याकाळी टेम्पो यायला लागला. शेतातलं काम उरकून, डोक्याला स्कार्फ बांधून बाया यायच्या. वहिनी काळा चहा करायच्या आणि एकेक गाणं तोंडातून मशीनमध्ये उतरायचं. प्रत्येक गाणं झालं की मी दोन फ्लॉप्या करायचो. त्यांवर लेबल लावायचो नाही आणि दोन्ही खिशात घेऊन झोपायचो. दादा रोज दारात येऊन मावशींमार्फत एखादी सुधारणा सांगायचे. बूथवाला शनिवारी आला तेव्हा त्यांनी त्याला बाहेरच्या बाहेर काहीतरी सांगून वाटेला लावलं. काय सांगितलं ते मला त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अबोला होता ना.

कॅसेट नाताळच्या दोन दिवस आधी दुकानात आली. कॉयरच्या गावात ती चर्चच्या पायऱ्यांवर वाजली, उसाच्या ट्रॅक्टरवर वाजली. 'ठुक्' सकट. खोली राहिली. नव्या वर्षात एके दिवशी दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज थंडी जास्त आहे, डब्याला दोन द्याव्या लागतील," आणि बोलणं सुरू झालं. माफी वगैरे आमच्याकडे मागत नाहीत. हवामान सांगतात.

पण राग कुठं जातो? जयंतीच्या गाण्यांची कॅसेट करायची म्हणून गावातले एक शाहीर आले. मशीनकडे संशयानं बघून म्हणाले, "जुनं दिसतंय. मधेच बंद पडलं तर आमच्या गाण्यांचं काय?"

मी तोंड उघडायच्या आत दादा काउंटरवरून उठून आले.

"अजिबात काळजी करू नका. आमच्याकडे प्रत्येक गाण्याच्या दोन कॉप्या होतात. एक इथं, एक घरी. मी पहिल्यापासून याच्या मागे लागलोय. कॉपी म्हणजे हुबेहूब असते बघा, यात नुसते आकडे असतात."

मी दादांकडे बघत राहिलो. त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही.

"आणि फ्लॉपी पुसायची नाही," ते शाहिरांना बोट नाचवून म्हणाले. "स्पिरिट तर मुळीच नाही. लोक काहीही करतात."

"फार अनुभवी आहेत हो तुमचे बंधू," शाहीर मला म्हणाले.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? शाहिरांनी आपली वही उघडली होती आणि मला काम पाहिजे होतं.